तोफेचा डोळा

कारखान्यात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तोफा बनवणाऱ्या त्या सरकारी कारखान्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. "दुर्बिणीची बैठक पाव मिलीमीटर सरकली, तर पंधरा किलोमीटरवर गोळा शेजारच्या घरावर पडतो," असं तो प्रत्येक नव्या कामगाराला बजावून सांगे. एकदा जेवताना त्यानं हेच वाक्य घरी ऐकवलं. त्याची बायको इस्पितळात परिचारिका होती. ती भाजी वाढता वाढता म्हणाली, "आणि नाही सरकली, तर ज्याच्या घरावर पडतो त्याचं काय?"

मिलीमीटरनं पाणी मागितलं.

त्यानं रेखाटलेली तोफ हलकी होती. साध्या जीपमागे बांधून डोंगरावर चढवता येईल, सहा माणसांना हातांनी वळवता येईल अशी. तिच्यापायी त्याचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला आणि दोन बढत्या हुकल्या. तोफ झकास झाली होती. फक्त ती कुणी घेतली नव्हती. देशाच्या सैन्यानं अकरा वर्षांत तिच्या चार चाचण्या घेतल्या. पहिल्या खेपेला वजन जास्त भरलं. वजन उतरवलं तर पल्ला कमी पडला. पल्ला वाढवून आणला, तोवर सैन्याची गरजच बदलली होती. चौथ्या चाचणीत काहीच दोष निघाला नाही, त्यामुळे अहवालात काय लिहावं हे कुणाला सुचलं नसावं. अहवाल आलाच नाही.

अशात एक दिवस मंत्रालयातून परिपत्रक आलं. देशात बनलेली शस्त्रं यापुढे जगाला विकायची होती. प्रत्येक कारखान्यानं महिनाभरात निर्यात कक्ष उघडून तसं कळवायचं होतं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी स्टेशनरीची खोली रिकामी करवून घेतली, दारावर पाटी ठोकली आणि मिलीमीटरला बोलावलं.

"आजपासून तुम्ही निर्यात कक्षाचे प्रमुख."

"साहेब, मला विकण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तोफेतलं कळतं ना? मग विका ती."

"पण आपल्याच सैन्यानं अजून..."

"ते देशातलं झालं," मोठे साहेब म्हणाले. "तुमच्याकडे परदेश दिलाय."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि जुन्या कार्बन पेपरचा वास होता. मिलीमीटरनं तीन आठवडे बसून तोफेचं माहितीपत्रक लिहिलं आणि वकिलातींना पाठवून दिलं. उत्तर येईल अशी आशा त्याला नव्हती, मोठ्या साहेबांना तर नव्हतीच. कक्ष उघडल्याचं कळवून झालं होतं, त्यांचं काम तिथंच संपलं होतं. पण उत्तर आलं. एका लहानशा, डोंगराळ देशाच्या सैन्याला अशीच हलकी तोफ हवी होती, आणि त्यांचे एक ब्रिगेडियर दोन सहकाऱ्यांना घेऊन पाहायला येणार होते.

मग एकच धांदल उडाली. फाटकापासून कार्यालयापर्यंतच्या झाडांच्या बुंध्यांना चुना लागला. चांदमारीच्या मैदानावर मंडप पडला. पाहुणे आले तेव्हा मिलीमीटरनं पाहिलं, ब्रिगेडियर बुटका होता आणि त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मिलीमीटरला एकदम हायसं वाटलं. तो कान तोफांच्या आवाजानंच गेला असणार, म्हणजे माणूस खरा तोफखान्यातला होता.

ब्रिगेडियरनं मंडपातल्या खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट तोफेपाशी गेला, गुडघे टेकून खालून वाकून बघितलं, चाक स्वतः फिरवलं. बारा गोळे उडवले. लांबवर, शाळेच्या मैदानाएवढ्या जागेत बाराही पडले. ब्रिगेडियर मिलीमीटरजवळ आला. दोघांनाही सारख्याच परक्या असलेल्या एका भाषेत तो म्हणाला, "ही तुम्ही बनवलीत?"

"आम्ही सगळ्यांनी," मिलीमीटर म्हणाला.

"पण तुमचा हात सारखा तिच्यावर जातोय."

चहाच्या वेळी मोठ्या साहेबांनी देशाच्या प्रगतीवर बरंच भाषण केलं. ते संपायची वाट पाहून ब्रिगेडियरनं विचारलं, "तुमच्या सैन्यात अशा किती आहेत?"

"आमचं सैन्य या तोफेबाबत अत्यंत उत्साही आहे," मोठे साहेब म्हणाले.

ब्रिगेडियरनं उजवा कान पुढे केला. "किती?"

"बिस्किटं घ्या ना," मोठे साहेब म्हणाले.

ब्रिगेडियर मिलीमीटरकडे वळला. आता मिलीमीटरला चुकीचा आकडा सांगायची सवयच नव्हती. "एकही नाही," तो म्हणाला.

मोठ्या साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढच्या बढतीचाही तिथंच निकाल लागला. ब्रिगेडियर मात्र हसला. "मला तोफ पसंत आहे. पण माझा मंत्री पहिला प्रश्न हाच विचारील. तुमच्या सैन्याचा एक कागद आणा, की आम्ही ही वापरतो. मग बघू."

कागद आणायला मिलीमीटर राजधानीला गेला. सैन्याच्या खरेदी विभागात त्याला एका कर्नलकडे पाठवलं. कर्नल फार सभ्य माणूस होता. त्यानं पंखा वाढवला, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तोफ उत्तमच आहे हो," कर्नल म्हणाला. "दुसऱ्या चाचणीला मी स्वतः हजर होतो. पण आमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं, की जी तोफ जगात कुणीच वापरत नाही ती आपण कशी घ्यायची? एखाद्या परदेशी सैन्यानं घेतली असती, तर आमचंही काम सोपं झालं असतं."

"परदेशी सैन्य म्हणतंय, आधी तुम्ही घ्या."

"अच्छा?" कर्नल खरोखरच विचारात पडला. "त्यांचंही चूक नाही."

मिलीमीटर तीन दिवस त्या कार्यालयात जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी कर्नलला त्याची दया आली असावी. त्यानं सहीशिक्क्याचं एक पत्र दिलं. पत्रात लिहिलं होतं, 'सदर तोफ सैन्याच्या विचाराधीन वापरात आहे.' मिलीमीटरनं वाक्य दोनदा वाचलं.

"कर्नलसाहेब, विचाराधीन वापर म्हणजे काय?"

"वापराचा विचार आहे."

"पण वापर नाहीय."

"विचार तर आहे ना? घेऊन जा, मी असलं पत्र यापूर्वी कुणाला दिलेलं नाही."

हे पत्र ब्रिगेडियरकडे गेलं आणि काय आश्चर्य, त्याच्या मंत्रालयानं अर्थ विचारण्याआधी दुसरीच गोष्ट विचारली. तोफेवरची नेम धरायची दुर्बीण कुणाची?

ती दुर्बीण, जिला कारखान्यात सगळे तोफेचा डोळा म्हणत, समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशातून येई. वीस वर्षांपूर्वीच्या करारात एक कलम होतं, की त्या देशाच्या परवानगीशिवाय हा डोळा तिसऱ्या देशाला द्यायचा नाही. डोळा बनवणारी कंपनी स्वतः तोफाही बनवत होती आणि त्याच ब्रिगेडियरच्या देशाला त्या विकायच्या खटपटीत होती. मिलीमीटरनं रीतसर परवानगी मागितली. सात महिन्यांनी उत्तर आलं. अर्जाच्या प्रती दोनऐवजी तीन हव्या होत्या. तीन पाठवल्या. आणखी पाच महिन्यांनी नकार आला. त्या भागातल्या शांततेची त्यांना काळजी वाटत होती. त्याच आठवड्यात कंपनीचा विक्री अधिकारी तोफांची चित्रं घेऊन ब्रिगेडियरला भेटल्याचंही कळलं.

मिलीमीटर ते पत्र घेऊन तडक दुर्बिणींच्या दुरुस्ती खात्यात गेला. तिथं भिंगताई बसत. कारखान्यात चोवीस वर्षं भिंगं घासणारी ही बाई. फुटक्या, धुरकटलेल्या दुर्बिणी त्यांच्याकडे येत आणि लखलखीत होऊन परत जात. जीभ मात्र त्यांच्या घासायच्या पुडीसारखी खरखरीत होती.

"ताई, हा डोळा आपल्याला इथं करता येईल?"

"एवढी वर्षं विचारलं नाहीत ते?"

"तेव्हा बाहेरून मिळत होता."

"म्हणजे आता मिळत नाही म्हणून माझी आठवण झाली." त्यांनी हातातलं भिंग उजेडाकडे धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. "काच चांगली आणून द्या. बाटल्यांची नको."

नऊ महिने दोघं त्या कामाला जुंपली. काच मिळाली, भिंगं झाली, काचेवरच्या केसाहून बारीक रेषाही जमल्या. पण डोळा तोफेवर चढवला की चाळिसाव्या गोळ्यानंतर त्यातली रेषा सरके. मिलीमीटर प्रत्येक वेळी भिंग धरून ठेवणारी कडी आणखी घट्ट आवळी, आणि रेषा प्रत्येक वेळी थोडी आधीच सरके. शेवटी भिंगताई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साहेब, आता हात लावाल तर बघा. काच सरकत नाही, तुमची कडी तिला जीव नकोसा करतेय. एवढी आवळलीत, धक्का बसला की तिनं जायचं कुठं?"

त्यांनी पितळेची एक पातळ, नागमोडी पट्टी कडीच्या आत घातली. तोफेनं पाचशे गोळे उडवले. रेषा जागची हलली नाही. मिलीमीटरनं सूक्ष्ममापीनं तपासलं, मग पुन्हा तपासलं, आणि मग भिंगताईंना वाकून नमस्कार केला. "हे असलं काही नको," त्या म्हणाल्या, "माझ्या खिडकीची फुटकी तावदानं तेवढी बदलून द्या. दोन वर्षं सांगतेय."

आता सगळी तोफ घरची होती. तेवढ्यात एका मोठ्या बंदरात शस्त्रांचं जागतिक प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. तोफ तिथं न्यायचं ठरलं. पण तोफ देशाबाहेर नेणं म्हणजे शस्त्राची निर्यात, आणि तिला मंत्रालयाची परवानगी हवी. ज्या मंत्रालयानं निर्यात करा म्हणून परिपत्रक काढलं, त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ही परवानगी अडली. अर्जात खरेदीदाराचं नाव लिहायची जागा होती आणि ती रिकामी होती. 'खरेदीदार शोधण्यासाठीच नेत आहोत' असं मिलीमीटरनं लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा त्यानं सुतारखात्याकडून तोफेचं हातभर लाकडी मॉडेल करून घेतलं. सोबत खरा डोळा घेतला. डोळा हे शस्त्र नाही, दुर्बीण आहे, हे कस्टमवाल्यांना पटायला अर्धा दिवस लागला.

प्रदर्शनात त्यांच्या वाट्याला स्वच्छतागृहाच्या वाटेवरचा कोपरा आला. त्यामुळे गर्दी चांगली होती, पण थांबत कुणी नव्हतं. समोरच्या भव्य दालनात श्रीमंत देशाच्या कंपनीची तोफ संथपणे गोल फिरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रिगेडियर दिसला. तो त्या दालनातून बाहेर पडत होता. मिलीमीटरला पाहून ओशाळला, तरी कोपऱ्यात येऊन बसला.

"आम्ही त्यांची घेतली," तो म्हणाला. "सकाळी सह्या झाल्या."

"चांगली आहे त्यांची," मिलीमीटर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"तुमच्याहून जड आहे. माझी माणसं ती डोंगरावर कशी ओढणार, देव जाणे. पण मंत्र्यांनी मला तुमचं ते पत्र दाखवून विचारलं, हे विचाराधीन वापर काय आहे? मला सांगता आलं नाही." त्यानं लाकडी तोफेच्या नळीवरून बोट फिरवलं आणि मग शेजारच्या डोळ्याला डोळा लावला. बराच वेळ तसाच राहिला. "हा कुणाचा?"

"आमचा."

"आमचा म्हणजे?"

"घरचा. भिंगं घासणाऱ्या एक बाई आहेत आमच्याकडे."

ब्रिगेडियर बहिऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोलायचा. "हा त्यांच्यापेक्षा स्वच्छ आहे!" हे त्याचं वाक्य अर्ध्या मांडवानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दालनातला निळ्या कोटातला अधिकारी कोपऱ्यात हजर झाला. त्यानं तोफेकडे पाहिलं नाही. डोळ्यातून पाहिलं, खिशातून स्वतःचं मोजमापाचं यंत्र काढलं आणि तासभर खपला.

खरं काय ते मिलीमीटरला नंतर कळलं. त्या कंपनीची भिंगं घासणारी म्हातारी माणसं एकामागून एक निवृत्त झाली होती आणि नवी पोरं त्या कामाला यायला तयार नव्हती. कंपनीला चारशे डोळे हवे होते. दोन अटी होत्या. डोळ्यावर छाप कंपनीचा असेल, आणि तो कुठं बनला हे कुणालाही सांगायचं नाही.

"आणि तोफ?" मिलीमीटरनं विचारलं.

"कुठली तोफ?" निळा कोट म्हणाला.

मोठ्या साहेबांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी प्रथमच मिलीमीटरला बसायला सांगितलं. मंत्रालयाला हवा असलेला निर्यातीचा आकडा एका फटक्यात पुरा झाला होता. राजधानीत समारंभ झाला. गोपनीयतेमुळे नेमकं काय विकलं हे मंत्र्यांनाही सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "आज आपली तोफ जगभर पोचली आहे!" टाळ्या झाल्या. मिलीमीटर खुर्चीवरून उठू लागला. शेजारी बसलेल्या बायकोनं त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली.

"चूक आहे ते," तो कुजबुजला.

"मोजून किती?"

"सगळंच."

"मग दुरुस्त होण्यातलं नाही. बसा खाली."

भिंगताईंना समारंभाचं बोलावणं नव्हतं. त्यांच्या खिडकीला तावदानं मात्र मिलीमीटरनं आदल्या आठवड्यातच स्वतः उभं राहून बसवून घेतली होती.

दीड वर्षानं देशाच्या सैन्यानं अखेर हलक्या तोफा घेतल्या. अठरा. अर्थातच श्रीमंत देशाच्या त्या कंपनीच्या. ब्रिगेडियरच्या सैन्यानं त्या वापरून पाहिल्या होत्या, त्यामुळे कर्नलच्या वरिष्ठांच्या शंकेला जागाच उरली नव्हती. माल तपासून घ्यायला जाणकार माणूस हवा होता, आणि हलक्या तोफांमधला जाणकार देशात एकच होता. कर्नलनं मिलीमीटरला पत्र पाठवून मोठ्या अगत्यानं बोलावलं. मिलीमीटर भिंगताईंना सोबत घेऊन गेला.

छपराखाली अठरा तोफा ओळीनं उभ्या होत्या. कर्नलनं पहिल्या तोफेच्या डोळ्यावरचं कातडी झाकण काढलं. "या, बघा आतून. काय स्वच्छ दिसतंय! असलं काम आपल्याकडे कधी होणार, सांगा बरं?"

मिलीमीटरनं तोंड उघडलं. सही करून मान्य केलेली गुप्ततेची अट आठवून मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक बरोबर उत्तर त्याला सांगता येत नव्हतं. भिंगताई पुढे झाल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "बरं आहे. घासणारीचा हात चांगला दिसतोय."

"यंत्रावर करतात ताई ते," कर्नल म्हणाला.

"असेल बाई."

तपासणी चार दिवस चालली. तीन तोफांवर डोळा तिरका बसवलेला निघाला. अर्ध्या मिलीमीटरचा फरक. बसवायचं काम कंपनीनं तिकडे केलं होतं. मिलीमीटरनं त्या तिन्ही नाकारल्या.

"परदेशी मालात दोष?" कर्नलचा विश्वास बसेना. "पुन्हा मोजा."

त्यानं पुन्हा मोजलं. अर्धाच होता. कंपनीला पत्र गेलं. तिचं उत्तर या वेळी आठवड्यात आलं. तोफा एवढ्या लांब परत पाठवायची गरज नव्हती. कंपनीचं अधिकृत दुरुस्ती केंद्र कर्नलच्याच देशात होतं. खाली मिलीमीटरच्या कारखान्याचा पत्ता होता.

तोफा ट्रकवरून आल्या तेव्हा बघायला सगळा कारखाना अंगणात लोटला. भिंगताईंनी दोन दिवसांत डोळे सरळ केले. मिलीमीटरनं पुढचे तीन दिवस त्या तोफांच्या खाली, वर, आत शिरून सगळं मोजलं. कुणी सांगितलं नव्हतं. तोफ मन लावून केलेली होती, सांधे सफाईदार होते, तेलाची वाट तर त्याच्या तोफेपेक्षा हुशारीनं काढली होती. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी घरी आल्यावर तो तीच वही पुन्हा चाळत बसला.

"वाईट वाटतंय?" बायकोनं विचारलं.

"वाईट निघाली असती तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला.

तो निवृत्त होण्याच्या आठवड्यात कर्नलचा फोन आला. आता वातावरण अनुकूल होतं, देशी तोफेचा अर्ज पुन्हा करायला हरकत नव्हती. नव्या अर्जात एक रकाना होता, 'सैन्यात प्रत्यक्ष वापरात असलेल्या तोफांच्या कामाचा अनुभव आहे काय?' परदेशी तोफा दुरुस्त केल्यामुळे तिथं 'होय' लिहिता आलं. पाचवी चाचणी पुढच्या वर्षी झाली. मिलीमीटरला पाहुण्यांचा पास मिळाला होता. तोफेनं नेहमीसारखेच गोळे नीट टाकले. अहवाल तयार होतोय असं त्यानंतर दोनदा कळलं.

सध्या तो बायकोला न्यायला दुपारी इस्पितळात लवकर जातो. तिथल्या रुग्ण नेण्याच्या गाड्यांची चाकं फार खडखडत. टाके घातलेल्या माणसाला प्रत्येक उंबऱ्यावर कळ येई. त्यानं एका गाडीची चाकं घरी आणली, बैठक बदलली, पितळेची पातळ पट्टी घातली आणि नेऊन बसवली. मुख्य परिचारिकेनं गाडी बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलून पाहिली.

"अजून अकरा आहेत," ती म्हणाली. "कधी करता?"

मिलीमीटर क्षणभर थांबला. ती आणखी काही विचारील, एखादा कागद मागेल असं त्याला वाटलं. पण ती दुसरी गाडी आणायला निघूनही गेली होती.